सेवेच्या वहीतील दुसरी बाजू

(सेवाभावी संस्थांमधील कार्यकर्त्यांसाठी अभ्यासपाठ)



वर्ष संपत आले की प्रत्येक सेवाभावी संस्थेत अहवालाची तयारी सुरू होते. किती शिबिरे झाली, किती रोपे लावली, किती विद्यार्थ्यांना वह्या दिल्या, किती कुटुंबांपर्यंत धान्य पोहोचले, याचे आकडे गोळा केले जातात. छायाचित्रे निवडली जातात. सभेत अहवाल वाचला जातो, टाळ्या होतात आणि नव्या वर्षाचे काम सुरू होते. यात गैर काहीच नाही. दात्यांनी विश्वासाने दिलेल्या पैशाचा हिशेब दिलाच पाहिजे. मात्र अहवाल लिहून झाला म्हणजे चिंतनही झाले, असे आपण मानू लागलो तर एक महत्त्वाचे काम मागे राहते. त्या मागे राहणाऱ्या कामाचा विचार या पाठात करू.

वाणिज्य शाखेत पुस्तपालन शिकताना सुरुवातीलाच द्विनोंदी पद्धत शिकवतात. प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात. एका खात्यावर नावे पडले की दुसऱ्या खात्यावर जमा झालेच पाहिजे. एकच बाजू लिहिली, तर लिहिलेला प्रत्येक आकडा खरा असूनही वही अपुरी राहते. सेवेच्या व्यवहारालाही अशाच दोन बाजू आहेत. आपण काय दिले, ही पहिली बाजू. समोरच्या माणसापर्यंत काय पोहोचले आणि त्याच्या आयुष्यात त्याने काय बदलले, ही दुसरी. आपले बहुतेक अहवाल पहिल्या बाजूवरच थांबतात. पैशाची वही दरवर्षी तपासून घेणे न्यासांना कायद्याने भाग आहे. दुसऱ्या बाजूची तपासणी मात्र आपल्याकडून कोणी सक्तीने करून घेत नाही. ती आपली आपणच करायची असते, म्हणूनच तिची सवय लावावी लागते.

संस्थेचे चिंतन म्हणजे ही दुसरी बाजू नियमितपणे, खरेपणाने लिहिणे आणि तिथे जे दिसेल त्यानुसार काम बदलणे. हे प्रत्यक्षात कसे घडते, ते तीन संस्थांच्या अनुभवातून पाहू.

१. आईला आठवते, पण ती वापरते का?

बांगलादेशात १९७२ साली फजले हसन आबेद यांनी 'ब्रॅक' ही संस्था सुरू केली. मुक्तियुद्धानंतर परतलेल्या निर्वासितांचे पुनर्वसन हे तिचे पहिले काम होते. त्या काळात तिथे हगवणीने असंख्य लहान मुले दगावत. शरीरातील पाणी आणि क्षार निघून गेल्याने मूल काही तासांत कोमेजत असे. यावरचा उपाय सोपा आणि स्वस्त होता. तीन बोटांच्या चिमटीत मावेल एवढे मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी, म्हणजे आपण जिला जलसंजीवनी म्हणतो ती. १९७९ मध्ये प्रयोग करून १९८० पासून ब्रॅकने हे ज्ञान घरोघरी न्यायचे ठरवले. महिला कार्यकर्त्यांची पथके गावात जात, आईसमोर बसून तिच्याच हातून द्रावण करून घेत आणि लक्षात ठेवण्याचे दहा मुद्दे शिकवत. पुढे हे मुद्दे कमी करून सात करण्यात आले.

ब्रॅकने सुरुवातीपासून एक शिस्त पाळली. शिकवून झाल्यावर काही आठवड्यांनी दुसराच कार्यकर्ता त्यांतल्या निवडक घरी जाई आणि आईला किती मुद्दे आठवतात हे तपासत असे. शिकवणारीचे मानधन तिने किती घरे केली यावर ठरत नसे. आयांच्या लक्षात किती राहिले, यावर ते ठरे. म्हणजे दुसरी बाजू लिहिण्याची सोय कामाच्या रचनेतच केलेली होती.

तपासणीत आयांना मुद्दे उत्तम आठवत होते. इथेच थांबून "कार्यक्रम यशस्वी" असे लिहिता आले असते. ब्रॅकने आणखी एक प्रश्न विचारला. मूल खरोखर आजारी पडले, तेव्हा त्या आईने द्रावण पाजले का? उत्तर निराश करणारे होते. माहिती असूनही फार थोड्या आया ते वापरत होत्या.

मग कारणे शोधण्यात आली. पहिले कारण मनाला लागणारे होते. शिकवणाऱ्या कार्यकर्त्यांपैकी अनेकांचा स्वतःचाच त्या द्रावणावर विश्वास नव्हता. स्वतःला जुलाब झाले की ते गोळ्या-औषधे घेत. मीठ-गुळाच्या पाण्याने एवढा मोठा आजार आवरतो, हे त्यांच्या मनाला पटलेलेच नव्हते. आणि ज्यावर सांगणाऱ्याचाच विश्वास नाही, ते ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत पोहोचले तरी मनात उतरत नाही.

दुसरे कारण भाषेतले होते. आपल्यासारख्या अनुवाद करणाऱ्यांनी तर ते जपूनच ठेवावे. गावच्या बोलीत हगवणीचे चार वेगवेगळे प्रकार मानले जात. 'डायरिया' हा शब्द त्यांतल्या एकाच, पटकीसारख्या तीव्र प्रकारासाठी वापरला जाई. कार्यकर्ते म्हणत, डायरिया झाला की हे पाजा. आया नेमके तेच करत होत्या. बाकी तीन प्रकारांत त्या पाजत नव्हत्या, कारण त्यांच्या समजुतीप्रमाणे ते सांगितलेच नव्हते. तिसरे कारण घरातील पुरुष. शिकवण फक्त स्त्रियांना दिली गेली होती. औषधाचा निर्णय मात्र अनेकदा पुरुष घेत आणि त्यांना या कशाचीच कल्पना नव्हती.

यानंतर ब्रॅकने काम बदलले. कार्यकर्त्यांना ढाक्याच्या संशोधन केंद्रात नेऊन द्रावण कसे काम करते हे दाखवले. आपला विश्वास लोकांना दिसावा म्हणून कार्यकर्ते शिकवताना ते द्रावण स्वतः पिऊन दाखवू लागले. सांगताना लोकांचे शब्द वापरले जाऊ लागले. पुरुषांसाठी बाजारात, शाळांत आणि मशिदींत बैठका झाल्या. १९९० पर्यंत हे शिक्षण एक कोटीहून अधिक घरांत पोहोचले.

यातून आपण काय घ्यायचे? "किती जणांना शिकवले", "किती जणांना आठवते" आणि "किती जणांनी वापरले" हे तीन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्या दोन्हींची उत्तरे चांगली येऊनही मूल दगावू शकते. चिंतन तिसऱ्या प्रश्नापर्यंत गेले, तेव्हाच त्याचा उपयोग झाला.

२. जो आला नाही, त्याचा विचार

तमिळनाडूतील मदुराई येथे डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर, १९७६ साली ११ खाटांचे नेत्र रुग्णालय सुरू केले. श्रीअरविंदांवरील श्रद्धेतून त्याला 'अरविंद' हे नाव दिले. संधिवाताने त्यांच्या हातांची बोटे वाकडी झाली होती, तरी त्याच हातांनी त्यांनी मोतीबिंदूच्या हजारो शस्त्रक्रिया केल्या.

टाळता येण्यासारख्या अंधत्वातून लोकांची सुटका करायची, हे त्यांचे ध्येय होते. त्यासाठी गावोगावी मोफत तपासणी शिबिरे घेतली जात. शिबिरांना गर्दी होई. ज्यांना मोतीबिंदू निघे त्यांना सांगितले जाई, रुग्णालयात या, शस्त्रक्रिया मोफत करू. तरीही त्यांतले बरेच जण येत नसत. "लोकांना आरोग्याचे महत्त्वच कळत नाही" असे म्हणून हात झटकणे सोपे होते. आपल्या बैठकांतही हे वाक्य कितीतरी वेळा ऐकू येते. अरविंदच्या लोकांनी तसे म्हटले नाही. न आलेल्यांची कारणे त्यांनी समजून घेतली. शस्त्रक्रिया मोफत असली, तरी शहरापर्यंतचे भाडे मोफत नव्हते. तिथले जेवण, सोबत येणाऱ्याची बुडणारी मजुरी, अनोळखी शहराची भीती, हे सगळे त्या गरीब माणसाच्याच माथी होते. मग रुग्णांना शिबिरातूनच गाडीने रुग्णालयात नेणे, तिथे जेवण-राहण्याची व्यवस्था करणे आणि परत गावी आणून सोडणे, ही पद्धत पक्की झाली. एकाच गावचे लोक एकत्र निघाले की भीतीही कमी होई.

पुढे याहून कठोर उत्तर समोर आले. दक्षिण भारतातील ग्रामीण भागाविषयी १९९९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गावाजवळ शिबिर होऊनही, डोळ्यांचा त्रास असलेल्या शंभर जणांपैकी जेमतेम सात जण शिबिराला येत होते, असे त्यात दिसले. शिबिराच्या मांडवातून पाहिले तर गर्दी दिसत होती. गावातून पाहिले तर ९३ माणसे घरीच बसलेली होती. अरविंदने शिबिरे सुरू ठेवली आणि त्यांच्या जोडीला २००४ पासून छोट्या गावांत कायमची दृष्टिकेंद्रे उघडायला सुरुवात केली. तिथे प्रशिक्षित ताई डोळे तपासतात आणि शहरातील डॉक्टर संगणकाच्या मदतीने रुग्णाशी बोलतात.

हजेरीपटावर आलेल्यांची नावे असतात. न आलेल्याचे नाव कुठेच नसते आणि तो तक्रार करायलाही येत नाही. त्याला शोधत जावे लागते. समजा, आपण वस्तीत मुलांसाठी मोफत अभ्यासवर्ग चालवतो. जूनमध्ये ४० मुले होती आणि दिवाळीनंतर २२ उरली. अहवालात "४० विद्यार्थ्यांना लाभ" असे लिहिले जाईल. चिंतनाचा विषय मात्र ती १८ मुले आहेत. ती कुठे गेली? धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी थांबली, की कामाला लागली? की वर्गात त्यांचा अपमान होईल असे काही घडले? एका संध्याकाळी दोन कार्यकर्ते त्या घरी जाऊन आले, तर वर्षभराच्या सभांतून कळणार नाही ते कळेल.

३. आधी विचारावे, मग बांधावे

तिसरा अनुभव महाराष्ट्रातला, अनेक वाचकांना ठाऊक असलेला. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' संस्थेचे काम सुरू केले. आदिवासी बांधव सरकारी दवाखान्यात का येत नाहीत, असे त्यांनी लोकांनाच विचारले. लोक म्हणाले, मोठ्या इमारतीत आम्ही हरवून जातो. आमच्या माणसाला आत ठेवून आम्हाला बाहेर घालवतात. तिथले लोक पांढरे कपडे घालतात, आम्ही तर मेलेल्या माणसाला पांढऱ्या कपड्यात गुंडाळतो. तिथे आमचा देवही नाही. हे ऐकून घेऊन शोधग्रामचे रुग्णालय आदिवासी वस्तीसारखे, झोपड्यांच्या रूपात उभे राहिले. नातेवाइकांना रुग्णासोबत राहता येऊ लागले आणि रुग्णालयाला माँ दंतेश्वरीचे नाव मिळाले.

याच संस्थेची दुसरी सवय मोजण्याची होती. निवडलेल्या गावांतील प्रत्येक जन्म आणि प्रत्येक बालमृत्यू नोंदवला जाई. मूल दगावले की घरच्यांशी बोलून, ते कशाने गेले हे समजून घेतले जाई. दुःखात बुडालेल्या घरी वही घेऊन जाणे सोपे नसते. पण त्या नोंदींतूनच दिसले की, दगावणाऱ्या बाळांत जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातील बाळे फार आहेत आणि ती रुग्णालयात पोहोचतच नाहीत. मग गावातीलच महिलेला आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण देऊन बाळाची काळजी घरीच घेण्याची पद्धत तयार झाली. ३९ गावांत ती राबवल्यावर नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये हा अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि पुढे आशा कार्यकर्त्यांमार्फत घरोघरी नवजात बालसेवा देण्याचा कार्यक्रम देशभर आला.

प्रत्येक मृत्यूची नोंद ठेवणे म्हणजे आपण जिथे कमी पडलो, त्या जागेकडे पाठ न फिरवणे. हे धैर्य संस्थेला एका दिवसात येत नाही. रोजच्या छोट्या नोंदींतून ते अंगी मुरते.

४. "फळाची अपेक्षा नको", मग परिणाम कशाला पाहायचा?

आध्यात्मिक वृत्तीच्या कार्यकर्त्यांच्या मनात इथे एक शंका येते. गीतेने निष्काम कर्म शिकवले. आपले काम सेवा करणे, फळ ईश्वराच्या हाती. मग हे मोजमाप कशासाठी?

शंका प्रामाणिक आहे, म्हणून तिचे उत्तर नीट समजून घेतले पाहिजे. फळाची आसक्ती सोडायची म्हणजे काय सोडायचे? मला मान मिळावा, माझे नाव व्हावे, माझी संस्था मोठी दिसावी, ही इच्छा सोडायची. समोरच्या मुलाला खरोखर वाचता आले की नाही, हे पाहणे सोडायचे नसते. स्वयंपाक करणारी आई स्तुतीची अपेक्षा ठेवत नाही, पण लेकराचे पोट भरले की नाही हे ती पाहतेच. न पाहणाऱ्या आईला आपण निष्काम म्हणणार नाही.

थोडे खोलात गेलो तर उलटेच दिसते. परिणाम पाहायला आपण घाबरतो, तेव्हा त्या भीतीच्या मुळाशी बहुधा आसक्तीच असते. आपण चांगले काम करतो, ही स्वतःची प्रतिमा आपल्याला प्रिय झालेली असते आणि खरे उत्तर तिला धक्का देईल असे वाटते. ज्याला श्रेय नको आहे, त्याला काम फसले हे ऐकणे सोपे जाते. म्हणून निष्काम वृत्ती आणि काटेकोर तपासणी एकमेकींच्या विरोधात नाहीत. निष्काम कार्यकर्ताच तपासणी मोकळ्या मनाने करू शकतो.

५. परंपरेने घालून दिलेला नेम

नियमित आत्मपरीक्षण आपल्या भूमीला नवे नाही. जैन परंपरेत प्रतिक्रमण आहे. झालेल्या दोषांकडे परत वळून पाहण्याचा तो विधी आहे आणि त्याच्या वेळा ठरलेल्या आहेत. दिवसाचे, रात्रीचे, पंधरवड्याचे, चार महिन्यांचे आणि वर्षाचे, असे त्याचे पाच प्रकार आहेत. छोटी गोष्ट रोज पाहायची, मोठी वर्षातून एकदा पाहायची. वर्षभराचे ओझे एकाच दिवसावर येऊ नये, अशी ही व्यवस्था आहे.

बौद्ध संघात वर्षावासाच्या शेवटी पवारणा होते. तीन महिने एकत्र राहिल्यावर प्रत्येक भिक्खू संघाला विनंती करतो की, माझ्या वागण्यात काही दोष तुम्ही पाहिला, ऐकला किंवा तशी शंका आली असेल, तर करुणेने मला सांगा. ही विनंती सर्वांत ज्येष्ठ भिक्खूपासून सुरू होते. ज्येष्ठांनीच आधी विचारले की धाकट्यांच्या मनातली भीती आपोआप कमी होते.

या दोन परंपरांतून संस्थेसाठी दोन नियम मिळतात. चिंतनाची वेळ ठरलेली असावी आणि सुरुवात वरून व्हावी.

६. सवय कशी लावावी?

आता प्रत्यक्ष पद्धत पाहू. यासाठी वेगळा निधी लागत नाही. एक वही आणि थोडा वेळ पुरतो.

*कार्यक्रम संपल्यावर पंधरा मिनिटे.* सतरंज्या उचलण्याआधी सगळ्या कार्यकर्त्यांनी गोल करून बसावे आणि चार प्रश्नांची उत्तरे वहीत लिहावीत. काय व्हावे असे ठरले होते? प्रत्यक्षात काय झाले? फरक का पडला? पुढच्या वेळी काय बदलायचे? ही पद्धत अमेरिकी सैन्याने १९७० च्या दशकात सरावानंतरच्या आढाव्यासाठी रूढ केली आणि पुढे अनेक संस्थांनी ती स्वीकारली. आपण त्यात पाचवा प्रश्न जोडू. आज कोण आले नाही? घरी गेल्यावर लिहू असे ठरवले की ते राहून जाते, म्हणून जागेवरच लिहावे.

*सर्वांत नव्याने आधी बोलावे.* सभेत अनेकदा काका किंवा दादा पहिल्यांदा बोलतात, "छान झाला कार्यक्रम." त्यानंतर पहिल्यांदाच आलेली एखादी मुलगी कशी सांगणार की मागे बसलेल्यांना काहीच ऐकू येत नव्हते? म्हणून ज्येष्ठांनी फक्त एवढेच करावे. सुरुवातीला स्वतःच्या कामातील एक उणीव सांगावी आणि मग सर्वांत नव्या कार्यकर्त्याला बोलू द्यावे. त्याचे बोलणे पूर्ण होईपर्यंत खुलासा देऊ नये. खुलासा खरा असला, तरी लगेच दिलेल्या खुलाशाने पुढचा माणूस गप्प बसतो.

*व्यक्तीकडे नाही, रचनेकडे पाहावे.* "सतीश उशिरा आला" असे लिहिले की चिंतन संपते आणि भांडण सुरू होते. "साहित्य आणण्याची जबाबदारी एकाच माणसावर होती" असे लिहिले की उपाय सुचतो. दोषाला जागा द्यायची, पण तो कोणाच्या कपाळावर चिकटवायचा नाही.

*लाभार्थ्याला बरोबर प्रश्न विचारावा.* "उपयोग झाला ना?" असे विचारले तर आपली माणसे संकोचाने "हो" म्हणतात. दिलेल्याला नावे ठेवू नयेत, हा आपल्याकडचा संस्कारच आहे. म्हणून शेवटच्या प्रसंगाबद्दल विचारावे. "मागच्या वेळी बाळाला जुलाब झाले तेव्हा काय पाजले?" "दिलेला गाळणीचा माठ कुठे ठेवलाय, बघू का?" शक्य असेल तर ज्याने वाटप केले त्याने विचारायला जाऊ नये, दुसऱ्याने जावे. ब्रॅकने हेच केले होते.

*महिन्यातून एकदा एकच प्रश्न.* मासिक बैठकीत मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम केले जाते. बहुतेक ठिकाणी हे दोन मिनिटांत उरकते. तिथेच थोडे थांबावे. मागच्या वेळी जे बदलायचे ठरले होते ते बदलले का? प्रत्येक निर्णयापुढे करणाऱ्याचे नाव आणि तारीख असेल, तरच हा प्रश्न विचारता येतो. वहीत लिहिलेले आणि पुन्हा कधीच न वाचलेले चिंतन हळूहळू कार्यकर्त्यांचा विश्वास घालवते. बोलून काही होत नाही असे एकदा वाटले की लोक खरे बोलणे थांबवतात.

*वर्षातून एकदा उघडपणे.* कॅनडातील 'इंजिनिअर्स विदाऊट बॉर्डर्स' या संस्थेने २००८ सालापासून वार्षिक अहवालाबरोबर आपल्या अपयशांचाही अहवाल काढायला सुरुवात केली. दात्यांपुढे असे लिहायला भीती वाटते, ते साहजिक आहे. सुरुवात लहान ठेवावी. अहवालात एक पान असावे, "या वर्षी काय जमले नाही आणि त्यातून काय शिकलो". समजूतदार दात्याला हे पान वाचून आपल्यावर अधिक विश्वास वाटेल, कारण उरलेली पानेही खरी असतील असे त्याला समजेल.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. चिंतनाचेच अवडंबर होऊ देऊ नये. लांबलचक अर्ज, दहा पानी तक्ते आणि सक्तीच्या बैठका यांनी कार्यकर्ता थकतो आणि उत्तरे नुसती भरून टाकतो. पाच प्रश्न, पंधरा मिनिटे, एक वही. एवढेच सहा महिने टिकले, तर पुढचे आपोआप सुचेल.

७. चिंतनासाठी प्रश्न

आपल्या गटात खालील प्रश्नांवर चर्चा करावी.

१) आपल्या गेल्या तीन उपक्रमांत आपण काय दिले हे सांगता येते. लोकांनी ते वापरले की नाही, हे आपल्याला कशावरून कळले?

२) आपल्या कामातून मधेच सुटलेली माणसे कोण? त्यांच्या घरी आपल्यापैकी कोण गेले?

३) आपण जे इतरांना सांगतो, त्यावर आपला स्वतःचा विश्वास आणि आचरण किती आहे?

४) आपल्या बैठकीत सर्वांत कमी कोण बोलते? त्याचे कारण काय असावे?

५) गेल्या वर्षभरात अनुभवावरून आपण नेमकी कोणती एक पद्धत बदलली?

पाचव्या प्रश्नाला उत्तर सापडले नाही, तर निराश होऊ नये. तिथूनच सुरुवात करता येईल.

संकल्प

सेवेत आपला वेळ जातो, दात्याचा पैसा जातो, पण सर्वांत मोठी ठेव त्या माणसाची असते ज्याने आपल्यावर भरवसा ठेवला. आपण सांगितले म्हणून त्याने मुलाला वर्गात पाठवले, म्हाताऱ्या आईला शिबिराला आणले, दिलेले पाणी बाळाला पाजले. त्या भरवशाचा हिशेब आपल्या वहीत असला पाहिजे.

म्हणून या आठवड्यात आपल्या शाखेत, मंडळात किंवा संस्थेत एक कोरी वही आणूया. प्रत्येक पानाच्या मध्यभागी उभी रेघ मारूया. डावीकडे लिहूया, आम्ही काय केले. उजवीकडे लिहूया, त्यांच्यापर्यंत काय पोहोचले. उजवी बाजू रिकामी राहिली, तर ती भरण्यासाठी पुढच्या रविवारी दोघे जण वस्तीत जाऊन येऊया.